मक्याचा पिवळेपणा : युरिया टाकण्यापूर्वी गंधकाचा विचार करा

खरिपात पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी मक्याची पिवळी पाने वर्तमानपत्रात गुंडाळून अनेक शेतकरी विस्तार केंद्रावर घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "युरिया किती टाकू?" पुष्कळदा एक गोणी आधीच टाकून झालेली असते आणि तरीही पीक हिरवे झालेले नसते. अशा वेळी आमचा पहिला प्रश्न असतो की, हे पान ताटावर खाली होते की वर? सुट्या पानावरून ते कळत नाही. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी पाने न आणता दोन झाडे मुळासकट उपटून आणा, एक पिवळे व एक हिरवे. कोणते पान आधी पिवळे पडले, यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर बहुधा नत्र कमी आहे. नत्राच्या कमतरतेत पान शेंड्याकडून पिवळे पडत जाते व पिवळेपणा मधल्या शिरेच्या बाजूने आत शिरतो. त्यामुळे पानावर पाचरीसारखा आकार दिसतो. याउलट खालची पाने बऱ्यापैकी हिरवी आणि पोंग्यातील नवी पाने फिकट असतील, तर युरियाची आणखी एक गोणी हा त्यावरचा उपाय नाही. त्या पिकाला गंधक हवे असण्याची शक्यता अधिक आहे.

याचे कारण सोपे आहे. नत्राची टंचाई झाली की झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून जुनी पाने सुकतात. गंधक एकदा पानात बसले की तेथून सहजासहजी हलत नाही. जमिनीतून नवा पुरवठा थांबला की उपाशी राहतात ती नवी पाने.

गंधकाचे कार्य

मक्याची मुळे गंधक सल्फेटच्या रूपात शोषून घेतात. प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून तयार होतात, त्यांपैकी सिस्टीन व मिथिओनीन या दोघांत गंधक असते. ही दोन्ही तयार झाली नाहीत तर नत्र कितीही मिळाले तरी प्रथिने पुढे बनत नाहीत. विटांचा ढीग अंगणात पडलेला असावा आणि सिमेंट संपल्यामुळे भिंत अडून राहावी, तसा हा प्रकार आहे. शोषलेले नत्र नायट्रेटच्या स्वरूपात ताटात साठून राहते. हरितद्रव्याच्या घडणीत गंधक प्रत्यक्ष नसते, पण हरितद्रव्य तयार होण्यासाठी व पानांचे अन्न बनविण्याचे काम चालण्यासाठी गंधकयुक्त प्रथिने लागतात. म्हणून गंधक कमी पडले की पानाचा रंग उतरतो, ताट बारीक राहते, वाढ मंदावते व तुरा उशिरा येतो.

मक्याच्या पानात साधारणपणे १५ भाग नत्राला १ भाग गंधक हे प्रमाण चांगले मानले जाते. केस बाहेर पडण्याच्या वेळी कणसाजवळच्या पानाचे पृथक्करण केले आणि हे प्रमाण २० भागांना १ किंवा त्याहून विषम निघाले, तर गंधक अपुरे आहे असे समजावे. अशा पिकाला जादा युरिया दिल्यास हे प्रमाण आणखी बिघडते. म्हणजे पैसे खर्च करून आपण कमतरता वाढवतो.

आता गरज किती ते पाहू. एक टन मका दाण्यातून सुमारे दीड किलो गंधक शेताबाहेर जाते. ताटे, पाने व दाणे मिळून टनामागे दोन किलो किंवा थोडे अधिक गंधक लागते. एकरी ३० क्विंटल दाण्याच्या पिकाला या हिशेबाने सहा-सात किलो गंधक उचलावे लागते. नत्राच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण ते केव्हा उचलले जाते हे अधिक महत्त्वाचे आहे. संकरित मक्यात एकूण गंधकापैकी सुमारे अर्धे तुरा येण्याच्या सुमारास व त्यानंतर, दाणे भरताना शोषले जाते. जुन्या पानांतून उसने घेण्याची सोय थोडी, त्यामुळे त्या वेळीही जमिनीत सल्फेट असावेच लागते.

पूर्वी गंधक कोठून येत होते

"आमच्या वडिलांनी कधी गंधक टाकले नाही, मग आताच हे काय निघाले?" असे काही जण विचारतात. वडिलांनी गंधक टाकले होते, फक्त ते वेगळे विकत घेतले नव्हते. १९५१ साली सिंद्री येथील कारखान्यात उत्पादन सुरू झाले ते अमोनियम सल्फेटचे. त्या काळी नत्र म्हणजे बहुतांशी अमोनियम सल्फेट आणि स्फुरद म्हणजे सुपर फॉस्फेट होते. दोन्हीत गंधक होते. शिवाय गोठ्यात जनावरे अधिक असल्याने शेणखत भरपूर पडे व जमिनीतील सेंद्रिय पदार्थ टिकून राही. जमिनीतील गंधकाचा फार मोठा भाग याच सेंद्रिय पदार्थात असतो व जिवाणूंमार्फत तो हळूहळू मोकळा होतो.

पुढे युरिया व डीएपी आले. युरियात नत्र ४६ टक्के, गंधक शून्य. डीएपीमध्ये नत्र १८ व स्फुरद ४६ टक्के, गंधक जमेस धरण्याजोगे नाही. १०:२६:२६ मध्येही गंधकाची हमी नाही. या खतांना नावे ठेवण्याचे कारण नाही. एकरी २४ किलो स्फुरदासाठी डीएपीची एक गोणी जवळपास पुरते, तेथे सुपरच्या तीन गोण्या वाहून न्याव्या लागतात. ज्याने पावसात चिखलातून बांधावर गोण्या नेल्या आहेत, त्याला डीएपी का आवडते हे समजावून सांगावे लागत नाही. पण या सोयीबरोबर फुकट मिळणारे गंधक बंद झाले, ही गोष्ट ध्यानात राहिली नाही. त्यात संकरित वाणांमुळे उत्पादन वाढले, कडबा व हिरवा चारा शेताबाहेर गेला आणि काही ठिकाणी धाटे जाळण्याची पद्धत पडली. जाळताना धाटातील गंधकाचा काही हिस्सा धुरावाटे उडून जातो.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील आयोवा राज्य हे मक्याचे आगर. तेथील विद्यापीठाला २००५ नंतरच्या चाचण्यांत आधी लसूणघासात व नंतर मक्यात गंधकाचा प्रतिसाद दिसू लागला, विशेषतः हलक्या, धूप झालेल्या व सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या जमिनीत. तेथे कारखान्यांचा धूर आटोक्यात आल्याने पावसाबरोबर पडणारे गंधकही कमी झाले होते.

कमतरता कोठे अपेक्षित आहे

उथळ, मुरमाड व वाळूसर जमिनीत प्रथम शंका घ्यावी. सल्फेट मातीच्या कणांना फारसे चिकटून राहत नाही, जोराच्या पावसात ते नत्राप्रमाणेच खाली वाहून जाते. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनी, वर्षानुवर्षे फक्त युरिया व डीएपीवर चाललेली शेते आणि सोयाबीन किंवा कांद्यानंतर घेतलेला रब्बी मका ही पुढची ठिकाणे. सोयाबीन व कांदा ही दोन्ही पिके गंधक चांगले उचलतात. रब्बीत थंडीमुळे जिवाणूंचे काम मंदावते, त्यामुळे जमिनीत असलेले गंधकही उशिरा मोकळे होते.

मृद आरोग्य पत्रिकेत जे बारा गुणधर्म तपासून दिले जातात, त्यांत उपलब्ध गंधकही असते. पत्रिका काढून तो रकाना पाहा. दहा लाख भागांत १० भागांपेक्षा कमी, म्हणजे हेक्टरी सुमारे २२ किलोपेक्षा कमी असेल, तर जमीन गंधकात कमी समजतात. मात्र हा आकडा नमुना घेतला त्या दिवसाचा असतो. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यातील सल्फेट जुलैच्या अतिवृष्टीनंतर तेथेच असेल असे नाही.

एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही, ती म्हणजे विहिरीचे पाणी. पाण्याच्या तपासणी अहवालात सल्फेट लिटरला ३० मिलिग्रॅम असेल, तर त्यात गंधक १० मिलिग्रॅम असते, कारण सल्फेटच्या वजनाचा तिसरा हिस्सा गंधकाचा. सहा सेंटिमीटर खोलीची एक पाळी म्हणजे एकराला सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी. त्यातून २ किलो ४०० ग्रॅम गंधक पडते. रब्बीत अशा पाच पाळ्या दिल्या तर १२ किलो, म्हणजे शिफारशीइतके गंधक पाण्यातूनच मिळाले. खारवट पाण्यात सल्फेट याच्या कितीतरी पट असू शकते. अशा शेतात गंधकाचे खत विकत घेणे हा निव्वळ खर्च आहे. उलट, पावसावरच्या खरीप मक्याला ही मदत नाही.

इतर पिवळेपणाशी गल्लत नको

नवी पाने फिकट दिसली की ते गंधकच, असेही नाही. जस्ताच्या कमतरतेत नव्या पानाच्या बुडाकडील भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस पांढुरके रुंद पट्टे दिसतात, शीर व कडा हिरव्या राहतात. लोहाच्या कमतरतेत, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत, नव्या पानाच्या शिरा ठळक हिरव्या व मधला भाग पिवळा अशा बारीक रेघा पानभर उमटतात. गंधकाच्या कमतरतेत सबंध पान फिकट हिरवे ते पिवळसर होते, रेघा असल्या तरी अंधुक असतात. मॅग्नेशियमच्या रेघा खालच्या पानांवर येतात. एकाच शेतात जस्त व गंधक दोन्ही कमी असणे नवलाचे नाही, तेव्हा चित्र आणखी गोंधळाचे होते.

शेतात पाणी साचले असेल तर यांपैकी काहीच ठरविण्याच्या भानगडीत पडू नका. मक्याची मुळे गुदमरली की पीक पिवळे पडतेच. आधी चर काढून पाण्याचा निचरा करा, वाफसा येऊ द्या, आठवडाभर थांबा व मग पाने पाहा.

चार ओळींची परीक्षा

शंका दूर करण्याचा खात्रीचा उपाय आपल्याच शेतात आहे. पीक गुडघ्याएवढे असताना, जेथे पिवळेपणा सारखा पसरलेला आहे अशा ठिकाणी शेजारी-शेजारी एकेक गुंठ्याचे दोन पट्टे आखा. प्रत्येक पट्ट्यात किमान चार ओळी असाव्यात. पहिल्या पट्ट्यात सव्वा किलो अमोनियम सल्फेट द्या. दुसऱ्या पट्ट्यात ५५० ग्रॅम युरिया द्या. दोन्हीतून नत्र सारखेच, सुमारे पाव किलो जाते. फरक फक्त गंधकाचा आहे. खत ओळीच्या बाजूला, झाडापासून चार बोटे अंतरावर ओलीत द्यावे व मातीने झाकावे. काठ्या रोवून खूण ठेवा, कारण दहा दिवसांनी कोणता पट्टा कोणता याविषयी घरातच वाद होतात.

आठ-दहा दिवसांत दोन्ही पट्टे सारखे हिरवे झाले तर नत्र कमी होते. फक्त अमोनियम सल्फेटचा पट्टा हिरवा झाला तर गंधक कमी होते. दोन्ही पिवळेच राहिले तर जस्त, लोह किंवा मुळांच्या रोगाकडे वळावे. या परीक्षेला जो खर्च येतो तो चहापाण्याइतका आहे, आणि उत्तर तुमच्या जमिनीचे मिळते.

गंधक कमी निघाले तर उभ्या पिकाला एकरी एक गोणी, म्हणजे ५० किलो अमोनियम सल्फेट द्यावे. त्यातून सुमारे साडेअकरा किलो गंधक व १० किलो नत्र मिळते. तेवढ्या नत्रासाठी पुढच्या हप्त्यातील युरिया २२ किलोने कमी करावा. चुनखडीच्या जमिनीवर हे खत उघडे पडू देऊ नये, नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

पेरणीचे नियोजन

खरे पाहता उभ्या पिकावर धावपळ करण्याची वेळ येऊ नये. मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही नेहमीची मात्रा धरली, तर एकराला ४८, २४ व १६ किलो होते. कमतरतेच्या जमिनीत त्याबरोबर हेक्टरी ३० किलो, म्हणजे एकरी १२ किलो गंधक द्यावे. पिकाची उचल याच्या निम्मी असली तरी दिलेले सगळे गंधक मुळांपर्यंत पोहोचत नाही, काही वाहून जाते व काही पुढच्या पिकाला राहते.

आमच्या मते सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून देणे. त्यात स्फुरद १६ व गंधक ११ टक्के असते. एकरी तीन गोण्यांतून २४ किलो स्फुरद मिळते व त्याबरोबर १६ किलो गंधक येते, वेगळे काही घ्यावे लागत नाही. गोण्या वाहण्याची अडचण असेल तर २०:२०:०:१३ हे मिश्रखत १२० किलो द्यावे. त्यात स्फुरदाची गरज भागून साडेपंधरा किलो गंधक मिळते. मात्र यातून पेरणीलाच २४ किलो, म्हणजे निम्मे नत्र जाते, हे धरून उरलेले नत्र दोन हप्त्यांत युरियाच्या २६-२६ किलोंतून द्यावे. सुपर व युरिया मिसळून ठेवू नये, मिश्रणाला पाणी सुटून चिखल होतो. मिसळायचेच असेल तर पेरतेवेळी मिसळावे.

डीएपी घरात येऊन पडले असेल तर जिप्सम हा पर्याय आहे. १३ टक्के गंधकाचे जिप्सम एकरी ९० किलो पेरणीपूर्वी पसरून मातीत मिसळावे. चोपण जमिनीत त्याचा दुहेरी उपयोग होतो, पण तेथे सुधारणेसाठी लागणारी मात्रा वेगळी व पुष्कळ जास्त असते, ती माती परीक्षणावरून ठरवावी. ठिबकवर मका घेणाऱ्यांना अमोनियम सल्फेट किंवा सल्फेट ऑफ पोटॅश सोडता येते. ही खते कॅल्शियम नायट्रेटबरोबर एका टाकीत कधीही मिसळू नयेत. जिप्समचा साका तयार होऊन तोट्या बंद पडतात.

दुकानातील गंधकाबद्दल

पिवळ्या रंगाचे दाणेदार गंधक ९० टक्के शुद्ध असते व गोणी हलकी असते, त्यामुळे ते आकर्षक वाटते. पण हे मूळ रूपातील गंधक मुळांना घेता येत नाही. थायोबॅसिलस जातीचे जिवाणू त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर करतात. त्यासाठी ऊब, ओल व हवा लागते आणि कित्येक आठवडे जातात. म्हणून हे गंधक पेरणीपूर्वी किमान तीन-चार आठवडे ओलसर जमिनीत मिसळलेले असावे. पीक पिवळे पडल्यावर ओळीत दाणेदार गंधक टाकले, तर त्याचा उपयोग झालाच तर पुढच्या पिकाला. २०२३ मध्ये केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या गंधकवेष्टित युरियात नत्र ३७ व गंधक १७ टक्के असते. त्यावरील वेष्टनही मूळ गंधकाचेच असते, तेव्हा तो वापरायचा तर पहिल्या हप्त्याला वापरावा, तुऱ्याच्या वेळी नव्हे.

पाण्यात मिसळणाऱ्या ८० टक्के गंधकाची फवारणी करूनही मका हिरवा करण्याचा प्रयत्न होतो. लिटरला २ ग्रॅम प्रमाणे २०० लिटर पाण्यातून एकराला जेमतेम ३२० ग्रॅम गंधक जाते. गरज १२ किलोंची आहे. शिवाय कडक उन्हात अशा फवारणीने पाने करपतात.

"एकरी दहा किलो गंधक टाका, जमिनीचा सामू उतरेल," असेही सांगितले जाते. याचा हिशेब करून पाहू. एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुनखडी विरघळवते. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. चुनखडी फक्त ५ टक्के धरली तरी ती ४५ हजार किलो झाली. दहा किलो गंधक त्यातील ३१ किलो चुनखडी संपवील. दाण्याच्या अगदी भोवती सामू थोडा उतरून स्फुरद, जस्त व लोह मिळण्यास हातभार लागतो हे खरे, पण शेताचा सामू बदलत नाही. गंधक द्यायचे ते पिकाचे अन्न म्हणून द्यावे.

चाऱ्याचा मका

दुभत्या जनावरांसाठी मका करणाऱ्यांनी या विषयाकडे अधिक लक्ष द्यावे. वर सांगितल्याप्रमाणे गंधक कमी व युरिया जास्त झाला की ताटात नायट्रेट साठते. पावसाच्या ताणात व ढगाळ हवामानात ते आणखी वाढते. असा चारा पोटभर घातल्यास जनावराला विषबाधा होऊ शकते, श्वास लागतो, डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील त्वचेचा रंग तपकिरी-निळसर होतो आणि काही तासांत जनावर दगावते. अशी लक्षणे दिसताच तो चारा काढून घ्यावा व पशुवैद्यकास तातडीने बोलवावे. पिवळ्या पडलेल्या मक्याला नुकताच जादा युरिया दिला असेल, किंवा मोठ्या ताणानंतर पहिला पाऊस झाला असेल, तर आठवडाभर कापणी करू नये. कापताना बुडखा वीतभर वर ठेवावा, कारण नायट्रेट खालच्या कांड्यांत अधिक असते. कोरड्या चाऱ्यात मिसळून थोडा-थोडा घालावा. मुरघास केल्यास नायट्रेट बऱ्याच प्रमाणात कमी होते, पण खड्डा किंवा पिशवी दीड महिना तरी उघडू नये.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील जिवाणूंनाही प्रथिने तयार करण्यासाठी नत्राबरोबर गंधक लागते. त्यांना ते साधारण दहा-बारा भाग नत्राला एक भाग या प्रमाणात हवे असते. मक्याचा चारा मुळातच यात थोडा कमी पडतो. गंधकाअभावी वाढलेला मका आणखी कमी पडतो. चाऱ्याच्या मक्याला पेरणीबरोबर सुपरच्या तीन गोण्या देणे, ही खबरदारी गोठ्याच्या दृष्टीनेही उपयोगी आहे.

चार ओळींची परीक्षा दाण्याच्या मक्यात घेतली असेल तर काढणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या दोन-दोन ओळींतील कणसे वेगवेगळी तोडून वजन करा व तो आकडा मृद आरोग्य पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षासह लिहून ठेवा.